बनूबाईची विनंती

बनूबाई पाटोळेचं तोंड वाईट, असं आमच्या चर्चच्या मंडळीत कुणीही सांगेल. मीही सांगते. नाताळच्या जेवणात पंचांच्या ताटात मोठे तुकडे आणि मागच्या पंगतीला नुसता रस्सा, हे दिसल्यावर तिनं वाढणाऱ्याच्या हातातून पळी हिसकावून घेतलेली मी पाहिली आहे. पाण्याच्या टँकरवर, रेशनच्या रांगेत, उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात, जिथं जिथं ती उभी राहिली तिथं तिथं भांडली. पण तिच्या मुलाच्या कबरीशी जे बोललं गेलं ते तिच्या तोंडचं नव्हतं. ते चांगल्या, शिकलेल्या, गोड तोंडांतून निघालं होतं. त्या दिवसाची आठवण झाली की अजून माझी कानशिलं तापतात, आणि ती तापलेली असतानाच मी हे लिहिते आहे. थंड डोक्यानं लिहिण्यासारखं यात काही नाही.

अंबरनाथच्या आमच्या चर्चमध्ये मी पेटी वाजवते. पेटीची जागा पुढे, बाजूला, लोकांकडे तोंड करून. त्यामुळे पाळकसाहेबांना जे दिसतं ते मलाही दिसतं. कोण डुलक्या घेतं, कोण मांडीवर मोबाइल धरतं, दानाची थैली जवळ आली की कोण एकदम डोळे मिटून प्रार्थनेत शिरतं. बनूबाई डावीकडच्या बाकावर, भिंतीला टेकून. भजनात तिचा सूर कधी लागलाच नाही. पेटी एका पट्टीत आणि ही आपली भलत्याच पट्टीत, आणि आवाज असा खणखणीत की शेवटी अख्खी मंडळी तिच्याच मागे फरफटत जायची. कुणी टोकलं की मला म्हणायची, "देवाला ऐकू जातंय ना? तू तुझी पेटी वाजव, सुलू."

तिचं माहेर नगरकडचं. आमच्यातल्या बहुतेकांचं तिकडचंच. आजे-पणजे मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले आणि पुढची पिढी कारखान्यांच्या भोंग्यामागे अंबरनाथला आली. तिचा नवरा जनू एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होता. खोकून खोकून गेला. पोरगा जितेश तेव्हा शाळेत होता. बनूबाईनं रडणं आटोपलं आणि उल्हासनगरला धागे कापायचं काम धरलं. शिवून आलेल्या जीन्सचे लोंबते धागे दिवसभर कात्रीनं छाटायचे. कोऱ्या कापडाचा निळा रंग बोटांना बसतो तो साबणानं जात नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी ती भाकर घ्यायला हात पुढे करायची तेव्हा तळवा निळा दिसायचा. कारखान्याचा सिंधी शेठसुद्धा तिला वचकून असे. "साईं, पंखा चालू करो, नायतर मी चालले घरी," असं त्याला ऐकवणारी ती एकटीच होती.

जितेश माझ्या शेजारी बसून ढोलकी वाजवायचा. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्याच्याबद्दल जे जे बोललं गेलं त्यात ही गोष्ट कुणालाच आठवली नाही. माझी पेटी चुकली तर तो ठेका असा धरून ठेवायचा की चूक माझ्या मलाच कळायची, बाकी कुणाला नाही. वयात आला, बदलापूरला रिक्षा चालवायला लागला, मांजर्लीत तळमजल्यावर खोली घेतली, लग्न केलं. मग एका वर्षी उल्हास नदी फुगली आणि मांजर्लीत शिरली. खोली गेली, रिक्षा पाण्याखाली गेली. थोडीफार प्यायचा तो आधीच. त्यानंतर बदलापुरातच भाड्याच्या खोलीत पीतच राहिला. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. चर्चला यायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ त्या रीतीनंच केला. रविवारी उपासनेच्या मध्यावर पाळक विचारतात, "कुणाच्या प्रार्थनाविनंत्या आहेत का?" मग ज्याला जे साकडं असेल ते त्यानं उभं राहून सांगायचं आणि सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. शहाणी माणसं यात झाकून बोलतात. "माझ्या कुटुंबातला एक विषय आहे," म्हणतात आणि बसतात. बनूबाईला झाकणं ठाऊकच नव्हतं. ती उभी राहायची आणि घर उलटं करून दाखवायची.

"माझा जितेश पुन्यांदा प्यायला लागलाय. काल भाड्याची रिक्षा नाल्यात घातली. प्रार्थना करा."

"जितेशनं माझ्यावर हात उचलला. प्रार्थना करा."

"चर्चचं नाव काढलं तर शिव्या देतो. पवित्र शास्त्र फेकून दिलं माझं. प्रार्थना करा."

वर्षानुवर्षं. माणूस डॉक्टरपुढे कपडे सैल करतो तशी ती आमच्यापुढे उभी राहायची, लाज सोडून, कारण तिला वाटायचं की इथं सांगितलं तर औषध मिळेल. आम्ही डोळे मिटायचो, आमेन म्हणायचो आणि बाहेर जाऊन चहा प्यायचो. बदलापूरला जाऊन त्या पोराचं दार वाजवावं असं कुणाला सुचलं नाही. तेवढ्यासाठी कोण एक स्टेशन पुढे जातो!

अशात आमच्याकडे नवे पाळक आले. रेव्हरंड राजरत्न भिंगारदिवे. वडिलांकडचं घराणं बौद्ध, आईकडचं ख्रिस्ती, शिक्षण बंगळूरच्या सेमिनरीत. वय कोवळं, इस्त्री कडक. माणूस वाईट नव्हता, आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही. आजाऱ्यांना भेटायचा, पोरांना शिकवायचा. पण बंगळूरहून तो एक गोष्ट घेऊन आला होता आणि ती त्याला कधी एकदा सगळ्यांना सांगतो असं झालं होतं. ती गोष्ट अशी की कुणाचं तारण व्हायचं, म्हणजे कोण स्वर्गात जायचं, ते देवानं जग निर्माण करायच्या आधीच ठरवून ठेवलं आहे. माणसाच्या हातात काही नाही.

"पुरात वाहून चाललेला माणूस बेशुद्ध असतो," तो उपदेशात म्हणाला. "त्याच्याकडे दोर फेकून उपयोग नाही. तो पकडणार कसा? त्याला ओढूनच काढावं लागतं. देव ज्यांना निवडतो त्यांना असं ओढून काढतो. विश्वाससुद्धा आपण ठेवत नाही, तो दिला जातो."

बदलापूरचे पूर बघितलेल्या लोकांना हे लगेच पटलं. बनूबाईनं मात्र तिथल्या तिथं विचारलं, "मग बाकीच्यान्ला पान्यात का ठिवतो?"

"ती त्याची मर्जी, मावशी. आपण जाब विचारणारे कोण?"

याच्या उलट टोकाला हरिचंद्र उजागरे. आमचे ज्येष्ठ पंच, फॅक्टरीतून रिटायर झालेले, आवाज भोंग्याला हरवील असा. ते उल्हासनगरला एका हॉलमधल्या हिंदी सभांना जाऊ लागले होते. तिथं सगळा भर माणसाच्या निर्णयावर. "फैसला तुम्हारा है!" हे वाक्य हरिचंद्र काका तिथून शिकून आले आणि आमच्या चर्चच्या व्हरांड्यात आपटू लागले. "देव काय कुणाला दंडाला धरून रिक्षात कोंबत नाही, पाळकसाहेब. हात करायचा तो आपण. ज्यानं केला तो बसला, ज्यानं नाही केला तो राहिला रस्त्यावर. त्यात देवाचा काय दोष?" लहान लेकरांच्या बाप्तिस्म्यालाही त्यांचा विरोध सुरू झाला. जे पोर अजून मान धरत नाही ते निर्णय काय घेणार, म्हणे.

वर्षभर हेच चाललं. व्हरांड्यात चहा गार व्हायचा आणि हे दोन पक्ष गरम. तरुण पोरं पाळकांच्या बाजूला, रिटायर मंडळी काकांच्या बाजूला. एकानं वचन काढलं की दुसरा त्याच्यावर दुसरं वचन आपटायचा. दोघांची वचनं शास्त्रातलीच, हे त्यातलं गंमतीचं. बायका स्वयंपाकघरात कप विसळायच्या. कुणीही कुणाला पटवू शकलं नाही, आणि एवढ्या ज्ञानचर्चेत कुणी एक माणूस पुरातून ओढून काढला किंवा रिक्षात बसवला असंही झालं नाही.

मग जितेशचं लिव्हर गेलं. पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले. बनूबाईनं त्याला सरकारी इस्पितळात नेलं आणि कामावर खाडे करून त्याच्या खाटेशी बसली. रविवारी येऊन तिनं शेवटची विनंती केली. "पोरगं चाललं माझं. प्रार्थना करा." त्या आठवड्यात तो गेला.

दफनाला सगळे आले. दफनाला आमची मंडळी नेहमीच येते. पेटी तिथं नेत नाहीत, म्हणून मी लोकांत उभी होते, बनूबाईच्या मागेच. शवपेटी खाली उतरवली. पाळकांनी प्रार्थना केली आणि मग बोलायला सुरुवात केली. मला वाटलं, दोन शब्द दिलाशाचे बोलतील. कुणाच्याही कबरीशी बोलतात. बायकोला मारणाऱ्या माणसाच्या कबरीशी बोललेले आम्ही ऐकले आहेत.

"आज मी खोटा दिलासा देणार नाही," राजरत्न म्हणाला. "कबरीशी खोटं बोलू नये. देव ज्याला निवडतो त्याच्या आयुष्यात खूण दिसते. या भावाच्या आयुष्यात ती दिसली नाही. हे माझं म्हणणं नाही. त्याची स्वतःची आई दर रविवारी उभी राहून आपल्याला तेच सांगत होती. म्हणून जे जिवंत आहेत त्यांनी घाबरावं, आणि स्वतःला तपासावं."

बनूबाईच्या मुठीत टाकायची माती होती. ती तिनं टाकली नाही. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की तिला सगळं कळलं आहे. इतकी वर्षं ती मदत मागत होती आणि हे लोक ती साक्ष म्हणून साठवत होते. आईचीच साक्ष, पोराच्या विरुद्ध. नीच शब्द आहे, पण मी तोच वापरते. हे नीच होतं. कुठल्याही कोर्टात आईला असं कुणी पिंजऱ्यात उभं केलं नसतं.

ती तिथं भांडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती जिथं उभी होती तिथं गप्प राहिली.

दफनानंतर दगडाचा प्रश्न आला. आमच्या कबरस्थानात दगडावर नाव, तारखा आणि खाली दोन शब्द असतात, "प्रभूमध्ये निजला". बाईचा असेल तर "निजली". सगळ्यांच्या दगडांवर आहेत. मजकूर आधी पंचकमिटीला दाखवायचा ही रीत, पण कमिटी तो कधी वाचतसुद्धा नाही. बनूबाईनं उल्हासनगरच्या एका दुकानातून दगड करून घेतला. नाव कोरून झालं आणि कमिटीनं ते दोन शब्द अडवले. तरुणांना चुकीचा धडा जाईल, म्हणाले. कसंही जगा, शेवटी दगडावर प्रभू आहेच, असं व्हायला नको.

कमिटीनं तिला बोलावलं. ती मला सोबत घेऊन गेली. टेबलाच्या एका टोकाला राजरत्न, दुसऱ्या टोकाला हरिचंद्र काका. वर्षभर ज्यांचं एका वाक्यावर एकमत झालं नव्हतं ते दोघं त्या दिवशी एकमतानं बसले होते. एक म्हणत होता, जितेश निवडलेला नव्हता. दुसरा म्हणत होता, जितेशनं निवडलं नाही. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण पोराला दोघांनी मिळून एकाच ठिकाणी पोचवलं होतं. त्यांच्या तत्त्वज्ञानाचा हा असा सुंदर मिलाप बघून मला टेबल उलटावंसं वाटलं.

"मला येवढंच सांगा," बनूबाई म्हणाली. "सगळं आधीच ठरलं व्हतं, तर येवढी वर्सं मला प्रार्थना कशाला करायला लावली? आन् काका, तुमी म्हनता त्याचं त्यानंच ठरवायचं. मग तुमी डोळे मिटून कुनाला सांगत व्हता? देवाला का जितेशला?"

राजरत्ननं उत्तर दिलं. लांब होतं. देव प्रार्थनासुद्धा ठरवून ठेवतो, असं काहीतरी. काकांनी त्याहून लांब उत्तर दिलं. ती दोन्ही उत्तरं मला इथं लिहिता येतील, पण लिहिणार नाही. ज्या बाईचं पोरगं महिन्यापूर्वी मातीत गेलं तिला ती दिली गेली, एवढंच पुरे.

मग काकांचा आवाज एकदम मऊ झाला. तशी त्यांनाही कणव होती. "बनूबाई, शेवटी तू जवळ होतीस. काही बोलला का? प्रभूचं नाव घेतलं असेल. अगदी मान हलवली असली तरी चालेल. शेवटच्या क्षणीही निर्णय होतो. तू सांग, मी पाळकसाहेबांना समजावतो."

राजरत्ननंही मान वर केली. "हो मावशी. शेवटी जरी विश्वास प्रकट झाला असेल, तरी ती खूणच आहे."

खोलीतला प्रत्येक माणूस तिच्याकडे बघत होता. सगळ्यांना तिनं हो म्हणायला हवं होतं. मलाही. मी टेबलाखालून तिचा पदर ओढला. एक शब्द टाक आणि घरी चल, बाई. कोण बघायला आलंय!

"पानी मागितलं त्यानं," बनूबाई म्हणाली. "डॉक्टर म्हनले व्हते पानी देऊ नको. मी दिलं. मग तो गेला."

"आणि काही?"

"पानी मागितलं म्हनून सांगितलं ना. नाव नाय घेतलं. मान नाय हलवली. मी खोटं बोलून त्याला आत घुसवू का? तसल्या दारानं तो नाय जायचा, आन् मी बी नाय पाठवायची."

कमिटीनं निर्णय कळवला. नाव आणि तारखा चालतील. दोन शब्द नाहीत.

तिनं दगड कबरीवर बसवलाच नाही. अर्धा कोरलेला दगड घरात दारामागे उभा करून ठेवला. मी तिला म्हटलं, सोडून दे ही मंडळी, दुसरीकडे जाऊ आपण. ती माझ्यावरच उखडली. "ह्यांच्या बापाचं हाय का चर्च?" रविवारी ती येत राहिली, भिंतीला टेकून बसत राहिली. गायची मात्र नाही. पाळकांनी विनंत्या विचारल्या की सगळ्यांच्या माना आपोआप डावीकडे वळायच्या, आणि ती बसून राहायची. तिचं बघून आता दुसऱ्या बायकाही झाकून बोलायला लागल्या. पायल नावाची एक पोर, नवरा मारतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक, ती उभी राहून "कुटुंबातला एक विषय" म्हणाली आणि खाली बसली. इथं खरं बोललं की ते पुढे आपल्याच लेकराच्या कबरीशी वाचून दाखवतात, हे बायकांना समजलं होतं. पुरुषांना समजलं नव्हतं. ते व्हरांड्यात निवड आणि निर्णय करत होते.

थंडी सुरू झाली तेव्हा राजरत्नच्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला. त्याची बायको किर्ती, अबोल पोरगी, हिचं पहिलंच बाळंतपण आणि तेही अवघड गेलेलं. चर्च भरलं होतं. बाळ पांढऱ्या झग्यात. बापच पाळक, त्यामुळे पोरीला हातावर घेऊन तोच विधी चालवत होता. हरिचंद्र काका लेकरांच्या बाप्तिस्म्याविरुद्ध, म्हणून तोंड आंबट करून बसलेले, पण बसलेले होते. बाहेर बिर्याणीचा वास येत होता.

लेकराच्या बाप्तिस्म्यात एक प्रश्न आईबापाला असतो आणि एक मंडळीला. मंडळीनं उभं राहायचं, पाळक विचारतात, आणि सगळ्यांनी मिळून "होय, घेतो" म्हणायचं. इतक्यांदा म्हटलेलं की जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं तोंडातून निघतं. आम्ही उभे राहिलो.

"या लेकराला प्रभूच्या वाटेवर वाढवण्यासाठी तुम्ही मंडळी म्हणून आईबापाला साथ द्याल का? तिची जबाबदारी घेता का?"

"नाय," बनूबाई म्हणाली.

बाकीचे "होय" घशातच राहिले.

"मावशी," राजरत्न हळू म्हणाला, "आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला? प्रश्न आत्ता विचारला ना तुमी?" ती बाकातून बाहेर मधल्या वाटेत आली. "जितेशच्या वक्ताला बी हेच विचारलं व्हतं. ह्याच जागी. तो येवढाच व्हता. समदे उभे राहिले, समदे होय म्हनले. हे हरिचंद्र म्हनले, त्यांची बायको म्हनली, ही सुलू म्हनली. मग माझं पोरगं गटारात पडलं तवा कोन आलं? मी दर रविवारी येऊन सांगत व्हते कुठं पडलाय ते. पत्त्यासकट सांगत व्हते. तुमी डोळे मिटले. आन् कबरीपाशी उघडले."

"बनूबाई, ही जागा आहे का हे बोलायची?" हरिचंद्र काका उठले.

"तुमी खाली बसा," ती म्हणाली, आणि काका बसले. मी त्यांना आजवर कुणाच्या सांगण्यावरून बसलेलं पाहिलं नव्हतं.

ती राजरत्नपाशी जाऊन उभी राहिली. तो आल्यापासून त्याला "पाळकसाहेब, तुम्ही" म्हणणारी बाई एकदम "तू"वर आली, आणि त्या "तू"मध्ये अपमान नव्हता, घरच्या पोराला धरतात तशी पकड होती.

"राजरत्ना, ही तुझी पोरगी. निवडलेली हाय का?"

त्यानं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुला ठावं असंल. तू बंगळूरला शिकलाय. सांग, जग व्हायच्या आधी हिचं नाव घेतलं का त्यानं? का नाय घेतलं?"

मी त्याच्याकडे बघत होते. वर्षभराची सगळी उत्तरं त्याच्याजवळ होती, लांबलचक, वचनांसकट. शेजारी किर्ती उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ती बाई खरोखर उत्तराची वाट बघत होती. तिला वाटलं, हा आता काहीतरी सांगेल. बाळ हातपाय झाडायला लागलं. त्यानं त्याला छातीशी घट्ट धरलं.

"माहीत नाही, मावशी," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोल. मागं ऐकू नाय गेलं."

"मला माहीत नाही."

"पोरगी तुझ्या हातात हाय, जिती हाय, तरी तुला ठावं नाय. आन् माझं पोरगं खड्ड्यात व्हतं तर त्याचं तुला बरं ठावं व्हतं!"

राजरत्न रडायला लागला. पाळकाच्या झग्यात, सगळ्यांसमोर, पोरीला धरून. मला त्याची दया आली, हे खरं आहे. पण राग गेला नाही, हेही खरं आहे. काही गोष्टी रडून फिटत नाहीत. बनूबाईलाही दया आली असावी, कारण तिनं निळ्या बोटांनी बाळाचा झगा नीट केला. आवाज मात्र खाली आणला नाही.

"ठावं नसताना तू त्याला नरकात घातलास. आता ठावं नसतानाच दगडावर प्रभू लिव्ह. लिव्हशील?"

त्यानं मान हलवली.

"तोंडानं."

"लिहीन, मावशी. मी स्वतः जाऊन लिहून घेईन."

"मग आता विचार परत. काय विचारत व्हतास ते."

त्यानं बाहीला डोळे पुसले आणि परत विचारलं. आवाज फाटत होता. जबाबदारी घेता का? शब्द एवढासाच, पण आता तो आमच्या तोंडातून निघेना. म्हटला की उद्या पोरगी पडेल तिथं जावं लागणार होतं.

"होय, घेते," बनूबाई एकटीच म्हणाली. "आन् घाल पानी लवकर, पोरीला थंडी वाजतीय."